साचा कळला की पासवर्ड गेला

तुमचा पासवर्ड आधी नाव, मग ॲटचं चिन्ह, मग चार आकडे असा आहे का? मग तो शोधायला साचा पुरतो. रेग्युलर एक्सप्रेशन म्हणजे असा साचा लिहायची भाषा. त्यात बसणारे सगळे पासवर्ड प्रोग्राम भराभर तयार करतो. ५,००० नावं गुणिले १०,००० आकडे, झाले ५ कोटी. खूप वाटतात ना? पण चोरीला गेलेल्या डेटाबेसमध्ये पासवर्ड जुन्या एमडी५ हॅशने ठेवले असतील, तर चांगलं ग्राफिक्स कार्ड ही यादी सेकंदाच्या आत तपासून मोकळं होतं. शेवटी उद्गारचिन्ह लावलंत? यादी फार तर दुप्पट होते. म्हणून पासवर्ड डोक्यातून काढू नका. पासवर्ड मॅनेजरला सोळा अक्षरं हवी तशी उचलू द्या. ती यादी संपवायला कुणाचंच आयुष्य पुरणार नाही. भेटू पुढच्या भागात!