प्लेऑफचं भाकीत: यंदा पलटणच, आणि का ते सांगतो

मांडव्यातून बोलतोय. आज 25 फेब्रुवारी 2024, रविवार. उद्यापासून हैदराबादला प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमाचे प्लेऑफ सुरू होतायत. तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये एकच प्रश्न आहे, "भाऊ, कोण जिंकणार?" तर आज फक्त तेच. पाच सामने, पाच भाकितं, आणि प्रत्येकामागचं कारण.

आधी एक दुखरी गोष्ट बोलून टाकू. आपण अलिबागकर मनाने मुंबईचे. लाँचने तासाभरात गेटवे गाठतो. घरटी एक तरी माणूस तिकडे नोकरीला असतो. त्यामुळे आपल्यातले बहुतेक जण यू मुंबाचे. आणि यू मुंबा यंदा बारा संघांत दहावी. विषय संपला. आता महाराष्ट्राचा एकच संघ उरलाय, पुणेरी पलटण. काही जणांनी लिहिलंय, "पुण्याला सपोर्ट करण्यापेक्षा मॅचच बघणार नाही." अरे बाबांनो, जरा थांबा. नऊ मोसम झाले, महाराष्ट्राचे दोन संघ, आणि आपल्याकडे चषक किती? एक. 2015 मध्ये अनुप कुमारच्या यू मुंबाने बंगळुरूला 36-30 हरवलं, तो. जिथे जत्रा असली की मैदान आखलं जातं, त्या राज्याला नऊ वर्षांत दुसरा चषक नाही. ही गोष्ट मुंबई-पुणे वादापेक्षा मोठी आहे.

आता गणित समजून घ्या. पहिले दोन संघ, पुणे आणि जयपूर, थेट सेमीफायनलला. तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा हे एलिमिनेटर, उद्या रात्री. हरला तो घरी. लीगमध्ये सात किंवा कमी गुणांनी हरलात तरी एक गुण मिळतो, बरोबरीला तीन मिळतात. इथे असलं काही नाही. चाळीस मिनिटं, आणि निकाल लागलाच पाहिजे.

पहिला एलिमिनेटर: दिल्ली विरुद्ध पाटणा. गंमत बघा, बरोबर दोन वर्षांपूर्वी, 25 फेब्रुवारी 2022 ला, हेच दोघे फायनलला होते आणि दिल्लीने 37-36 असा एका गुणाने चषक नेला. तेव्हा दिल्लीकडे नवीन कुमार होता. यंदा तो दुखापतीमुळे बाहेर आहे आणि सगळा भार आशू मलिकवर. आशू जबरदस्त खेळलाय, वाद नाही. पण नॉकआऊटमध्ये समोरचा कोच रात्रभर एकाच रेडरचा अभ्यास करतो. आशू पाच-सहा मिनिटं बाहेर बसला तर दिल्लीचं काय? पाटण्याकडे सचिन आहे, मनजीत आहे, सुधाकर आहे. एक पकडला तर दुसरा तयार. माझं मत: पाटणा, तीन-चार गुणांनी.

दुसरा एलिमिनेटर: गुजरात विरुद्ध हरियाणा. इथे मन एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. गुजरातचा कॅप्टन फजल अत्राचली. 2015 च्या आपल्या चषकात तो यू मुंबाचा होता, गेल्या मोसमात पुण्याचा कॅप्टन होता. म्हणजे आपला दोन्हीकडचा माणूस! पण हरियाणाचा बचाव तरुण आहे आणि एकत्र खेळतो. जयदीप पुढे सरकला की राहुल सेठपाल आणि मोहित नांदल लगेच मागून येतात. शिवाय त्यांच्या रेडिंगमध्ये आपली पोरं आहेत, कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई आणि नगरचा शिवम पटारे. कोच मनप्रीत सिंग बाजूच्या रेषेवर जेवढा ओरडतो, तेवढं तर आपल्या गावच्या सामन्यात सगळी पब्लिक मिळून ओरडत नाही. माझं मत: हरियाणा, आणि आरामात.

पहिली सेमीफायनल, बुधवार: पुणे विरुद्ध पाटणा. पलटण 22 सामने खेळली. 17 जिंकल्या, 3 बरोबरीत, फक्त 2 हरल्या. 96 गुण. हे नशिबाने होत नाही. कोणी म्हणेल, दोन कोटी पस्तीस लाखांचा शादलुई घेतला म्हणून. त्यांना मी तेलुगू टायटन्स दाखवतो. त्यांनी पवन सेहरावतला दोन कोटी साठ लाखांना घेतलं, आणि संघ आला शेवटचा. एका माणसावर कबड्डी चालत नाही.

मग पुण्याचं वेगळं काय? त्यांचे रेडर पकडसुद्धा करतात. अस्लम इनामदार चढाई करून आला की तोच बचावात साखळी धरतो. मोहित गोयतचं तसंच. त्यामुळे समोरच्याला निदानरेषा ओलांडताना सातही जणांची भीती असते. बोनस घ्यायला आत गेला की अबिनेश आणि गौरव खत्री वाट बघतायत, आणि डाव्या कोपऱ्यात शादलुई. तो घोट्याला हात घालायला थांबत नाही, स्वतः अंगावर जातो. कधीकधी त्यात फुकटचा गुण देतो, तेवढं मात्र सांभाळायला हवं. माझं मत: पुणे, दहाच्या वर गुणांनी.

दुसरी सेमीफायनल: जयपूर विरुद्ध हरियाणा. जयपूर गतविजेते. अर्जुन देशवाल तिसऱ्या चढाईलाही शांत असतो, आणि सुनील कुमारचा बचाव घाई करत नाही. हरियाणा दमवेल, पण अनुभव जिंकेल. माझं मत: जयपूर, निसटतं.

फायनल, शुक्रवार 1 मार्च: पुणे विरुद्ध जयपूर. म्हणजे गेल्या फायनलचा हिशोब. 17 डिसेंबर 2022, मुंबईतच, वरळीला. जयपूर 33, पुणे 29. चार गुण! आणि त्या रात्री अस्लम आणि मोहित दोघेही जखमी होऊन बाहेर होते. मॅटवर त्यांच्यापैकी एक जरी असता तर? हा प्रश्न वर्षभर पलटणच्या प्रत्येक चाहत्याला छळतोय. यंदा दोघे फिट आहेत. अस्लम कॅप्टन आहे. ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या एशियन गेम्समध्ये तो भारताकडून होता आणि शादलुई इराणकडून, समोरासमोर. आज दोघे एकाच जर्सीत. कोच बी. सी. रमेश यांनी 2019 मध्ये बंगालला चषक मिळवून दिलाय, म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांत काय करायचं ते त्यांना माहीत आहे.

माझं मत: पुणेरी पलटण. पाचपेक्षा कमी गुणांनी, कमी स्कोअरचा, पकडींचा सामना. भीती एकच. अर्जुनने पहिल्या दहा मिनिटांत लोण दिला तर आपली पोरं घाई करतील. तो हल्ला झेलला तर चषक आपला.

आणि यू मुंबावाल्यांनो, चार दिवस भांडणं बाजूला ठेवा. आपल्याकडे मातीत अनवाणी खेळणारी जी पोरं आहेत ना, त्यांना नगरचा एक मुलगा तो चषक उचलताना दिसला पाहिजे. नंतर पुढच्या मोसमात पुण्याला शिव्या घालायला आपण आहोतच.

तुमची पाच भाकितं उद्या आठच्या आत व्हॉइस नोटवर पाठवा. स्कोअरसकट हं, नुसतं नाव चालणार नाही. सगळ्यात जवळ जो येईल त्याचं नाव पुढच्या एपिसोडला घेतो. भेटू शनिवारी. तोपर्यंत, दम धरा आणि कबड्डी कबड्डी!