डोंगराच्या दोन्ही अंगांच्या बाया
(हिवरा आश्रम येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती बसतात. कोण कुठली, कुठल्या जातीची, हे वाढताना कोणी विचारत नाही. दवाखान्यात, तहसीलीत मात्र आधी तेच विचारतात. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

आपण मेहकरच्या बाया घाटावरच्या. घाट उतरून जळगाव जामोद गाठलं की पुढं सातपुडा, आणि त्यापलीकडं मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूर जिल्हा. या पायथ्याला सोनबर्डी, चालठाणा अशा गावांत निहाल लोक राहतात. त्यांची निहाली ही मराठीची बोली नाही, कोरकूची किंवा भिल्लीचीही नाही. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं खात्रीनं जुळलेलं नाही. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोकांची भाषा जनगणनेच्या तक्त्यात वेगळी छापत नाहीत. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली ही भाषा कागदावर नाहीच.

हा पंडितांचा विषय आहे, असं म्हणू नका. गरोदर बाई दवाखान्यात येते. पाळी कधी चुकली, अंगावरून जातं का, हे तिला मराठीत विचारतात. ती नुसती मान हलवते. मजुरीमुळं, बाजारामुळं पुरुषांना मराठी-हिंदी येतं, म्हणून नवरा नाहीतर दीर उत्तर देतो. पाळीचं, मारहाणीचं, नको असलेल्या दिवसांचं बाई दिराच्या तोंडून कसं सांगणार?

दुसरा प्रश्न सीमेचा. सोयरिकी डोंगराच्या दोन्ही अंगांना होतात. तिकडून इकडं नांदायला आलेल्या बाईचा जमातीचा दाखला बापाच्या राज्यातला. निहाल आणि कोरकू ही नावं दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत, तरी त्या दाखल्यावर तिला इथली राखीव जागा मागता येत नाही. लग्न करून घर बदललं आणि हक्क माहेरीच राहिला.

तिसरी गोष्ट कायद्याची. शेजारच्या मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, म्हणून तिथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. बुलडाणा जिल्हा त्या क्षेत्रात नाही. सातपुडा तोच, कोरकू तेच, पण इकडच्या ग्रामसभेला ते अधिकार नाहीत. २००६ चा वनहक्क कायदा मात्र इथंही लागू आहे. त्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा असतो. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात.

मग आपण काय करायचं? पाड्यावरची आशा तिथलीच, तिथली भाषा बोलणारी असावी, असा आग्रह धरायचा. दवाखान्यात दुभाषी म्हणून बाईच मागायची. पट्टे झालेल्या गावांत जाऊन प्रत्येक पट्ट्यावर बायकोचं नाव आहे का, हे स्वतः वाचायचं. मुलीचं लग्न ठरलं की सासरी जाण्याआधी तिचे कागद तिच्या हाती द्यायचे.

आणि एक आपल्यासाठी. या बाया मोर्चाला येतात तेव्हा आपण त्यांना मराठी घोषणा शिकवतो. पुढच्या बैठकीत आधी त्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्या. समजून घ्यायला वेळ लागेल, तेवढा आपण द्यायचा.