साहेबाचे शिष्टाचार आणि आपली रीत

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात उंब्रज येथे दिलेले व्याख्यान)





आपले उंब्रज हे तारळी-कृष्णेच्या संगमावरचे आणि पुणे-बंगळूर हमरस्त्यावरचे गाव. त्या रस्त्याच्या कडेला रोज सकाळी टाय बांधलेली मुले शाळेच्या गाडीची वाट पाहत उभी असतात. त्यांच्या आईवडिलांना इंग्रजी भाषेइतकीच काळजी ‘मॅनर्स’ची असते. मुलाला इंग्रजी येईल हो, पण चार मोठ्या माणसांत बसायला-उठायला कधी येणार? याबाबत आपल्या समाजात दोन टोकाची मते आहेत. साहेबाचे जे जे ते ते सुधारलेले आणि आपले ते गावंढळ, हे एक मत. साहेबाच्या रीतीने मुले बिघडतात, तेव्हा त्यापासून त्यांना दूर ठेवावे, हे दुसरे. माझ्या मते दोन्ही मतांनी नुकसान मुलांचेच होते. म्हणून हा विषय मी आज निवडला.

प्रथम हे समजून घेऊ, की दुसऱ्याची चाल आपल्याला विचित्र का वाटते? सुमारे 1030 साली अल-बिरुनी या थोर विद्वानाने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यात इथल्या ज्या चालीरीती त्याला उफराट्या वाटल्या, त्यांच्यासाठी त्याने एक प्रकरणच दिले. पण आरंभीच त्याने सांगून टाकले, की एखादी गोष्ट विचित्र वाटते ती क्वचित पाहायला मिळते म्हणून. साडेनऊशे वर्षांहून जुने हे शहाणपण आजही ताजे आहे. आपण हाताने जेवतो हे इंग्रजाला विचित्र वाटते आणि तो घरात बूट घालून वावरतो हे आपल्याला विचित्र वाटते. त्यात उच्चनीच असे काही नाही, सवयीचा फरक आहे.

बरे, ज्यांना आपण इंग्रजी शिष्टाचार म्हणतो ते तरी सगळे इंग्रजांचे आहेत काय? काट्याने जेवण्याची पद्धत त्यांच्याकडे इटलीतून गेली. टॉमस कोर्याट नावाच्या प्रवाशाने 1611 साली आपल्या प्रवासवर्णनात तिचे वर्णन केले, तेव्हा त्याच्याच देशबांधवांनी त्याची थट्टा केली होती. चहा मूळचा चीनचा. इंग्लंडच्या दरबारी तो रूढ केला 1662 साली लग्न होऊन आलेल्या पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनने. आपली मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली ती याच लग्नात! आणि ‘शाम्पू’ हा शब्द आपल्या चंपीच्याच घरातला. पाटण्याचा शेख दीन महंमद याने ब्रायटन येथे स्नानगृह काढले आणि इंग्लंडच्या दोन राजांचा तो चंपी-वैद्य झाला. त्याआधी 1810 साली त्याने लंडनमध्ये हिंदी जेवणाचे हॉटेलही काढून पाहिले होते. सारांश, इंग्रजाने जगभरातून चांगले ते उचलले आणि उचलताना त्याला कमीपणा वाटला नाही. त्याच्याकडून शिकण्याची पहिली गोष्ट हीच आहे.

आता त्याच्या अंगचे खरे गुण पाहू. तो रांगेत उभा राहतो. ‘क्यू’ हा शब्द फ्रेंचांचा. पण दुसऱ्या महायुद्धातील रेशनच्या काळात ही सवय त्या देशात चांगलीच मुरली. धक्का दुसऱ्याने दिला तरी ‘सॉरी’ पुष्कळदा तोच म्हणतो. दुकानात दहा पैशांची वस्तू घेतानाही ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’ म्हणतो. दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडत नाही. पगार किती, मुलीचे लग्न का जमले नाही, असे पहिल्या भेटीत विचारत नाही. त्याच्या भाषेत तू, तुम्ही, आपण असे भेद उरले नाहीत. शिपाई आणि साहेब दोघांनाही एकच ‘यू’. याचा अर्थ त्यांच्यात भेद नाहीत असा मात्र नव्हे. तोंडातून दोन वाक्ये निघाली, की उच्चारावरून माणूस कोणत्या थरातला हे तिथे ओळखले जाते.

इतर देशांतही अशाच आपापल्या रीती आहेत. फ्रेंच माणूस दुकानात पाऊल टाकताच आधी ‘बोंजूर’ म्हणतो, मग भाव विचारतो. न म्हणणारा तिथे उद्धट ठरतो. जर्मन माणूस वेळेचा पक्का आणि त्याच्या भाषेत आपल्यासारखेच तू आणि तुम्ही आहेत. जपानी माणूस कमरेत वाकून अभिवादन करतो, पादत्राणे दारात काढतो आणि साधे ओळखपत्रसुद्धा दोन्ही हातांनी देतो. अरब माणूस पाहुण्याला कॉफी पाजल्याशिवाय कामाचे बोलत नाही. आता सांगा, यांत सुधारलेला कोण आणि मागासलेला कोण?

आपल्या घरातही हे धन काही कमी नाही. दारी आलेल्याला आपण आधी पाण्याचा तांब्या देतो, मग काम विचारतो. निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. सलामाचा अर्थच मुळी ‘तुम्हाला शांती लाभो’ असा आहे. म्हणजे भेटल्याबरोबर आपण समोरच्याचे भले चिंतितो. आपल्याकडे ‘थँक यू’ वारंवार ऐकू येत नाही, म्हणून आपण कृतघ्न ठरत नाही. शेजारणीने पाठवलेले भांडे आपली आई रिकामे परत करत नाही. हीच आपली आभार मानण्याची रीत.

पण आपले दोषही झाकून ठेवू नयेत. एस.टी. आली, की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपणच. ‘वेळेवर उपस्थित राहावे’ असे पत्रिकेवर छापून पाहुण्यांना दोन तास तिष्ठत ठेवणारेही आपणच. घरी आलेल्या पाहुण्याला आपण देवासारखे मानतो, पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची फिकीर करत नाही. ओळखीच्या माणसाशी प्रेमाने वागणे आपल्याला येते, अनोळखी माणसाशी नीट वागणे इंग्रजाकडून शिकण्यासारखे आहे.

मित्रहो, आता साताऱ्याच्याच इतिहासातील एक प्रकरण सांगतो. कारण गोड बोलणे आणि खरा न्याय यांतला फरक त्यात स्पष्ट दिसतो. 1839 साली कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर कटाचा आळ घेऊन त्यांना पदच्युत केले आणि पुढे काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी जे वकील विलायतेला गेले, त्यांत सय्यद मीर अफझल अली होते आणि रंगो बापूजी गुप्ते होते. रंगो बापूजी 1853 पर्यंत, जवळजवळ 14 वर्षे लंडनमध्ये दाद मागत राहिले. अर्ज झाले, सभा झाल्या, मोठमोठ्या लोकांच्या भेटी झाल्या. त्या देशाच्या सभ्यतेत कसर नव्हती, पण न्याय काही मिळाला नाही. 1847 साली महाराज काशीलाच वारले आणि 1848 साली डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत उभे राहून महाराजांवर अन्याय झाला असे बजावणारे जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्पसन हेही इंग्रजच होते. एकाच समाजात गोड बोलून गळा कापणारे असतात आणि स्वतःच्या सरकारला सुनावणारेही असतात. तेव्हा इंग्रज म्हणून कोणाला भुलू नये आणि इंग्रज म्हणून कोणाचा द्वेषही करू नये.

मग घ्यावे काय आणि सोडावे काय? गांधीजी 1888 साली लंडनला गेले, तेव्हा त्यांनी भारी सूट शिवले, नाचाचे आणि व्हायोलिनचे धडे घेतले. लवकरच हा नाद त्यांनी सोडला; पै-पैचा हिशेब मात्र आयुष्यभर सोडला नाही. बद्रुद्दीन तय्यबजी 1867 साली बॅरिस्टर होऊन मुंबईला आले. त्या कमाईचा उपयोग त्यांनी समाजासाठी केला. 1874 साली अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती असताना, 1897 साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन दिला तो त्यांनीच. सरकार इंग्रजांचे, कायदा इंग्रजांचा. पण कोणाची भीड न धरता तो कायदा चालवण्याचे धैर्य या मुंबईकराचे. याला म्हणतात संस्कार घेणे. टाय कोणालाही बांधता येतो.

विद्यार्थ्यांनो, एक सोपी कसोटी सांगतो. ज्या रीतीने समोरच्या माणसाला सुख होते, त्याचा वेळ वाचतो, त्याचा मान राहतो, ती रीत कोणत्याही देशाची असो, ती घ्या. जी नुसती आपली ऐट वाढवते, ती सोडा. रांग, वेळ, दिलेला शब्द, चूक झाल्यावर ‘माफ करा’ म्हणणे, हे खुशाल घ्या. मुलाखतीत ताठ बसा, समोरच्याकडे पाहून बोला, येत नसेल तर ‘येत नाही’ असे स्पष्ट सांगा. पण शाळेच्या बैठकीला आलेली अम्मी दखनीत किंवा गावच्या मराठीत बोलली म्हणून मान खाली घालू नका. जिच्या कष्टावर तुम्ही इंग्रजी शिकलात, तिचीच ज्याला लाज वाटते, त्याला कोणत्याही देशात सभ्य म्हणत नाहीत.

आणि पालकहो, मुले ऐकतात त्यापेक्षा पाहतात जास्त. बाप रांग मोडतो तिथे मुलगा रांग शिकत नाही. घरात आईला तिच्या कष्टाबद्दल दोन चांगले शब्द ऐकायला मिळाले, तर मुलाला ‘थँक यू’ची शिकवणी लावावी लागणार नाही.

 बरंय, येतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.