पहिली खबर देणाऱ्याचा हक्क



येडगाव धरणाच्या पाणफुगवट्यालगत वसलेल्या ओझर येथील या परिषदेत तांत्रिक बिघाडांच्या नोंदीचा प्रश्न चर्चेला यावा हे उचितच आहे. कारण याच परिसरात खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांचा समूह, आणि तिच्या भोवतालच्या शेतांतील विहिरींवरच्या मोटारी शेजारी शेजारी चालतात. विजेच्या तारेचा जोड सैल होऊन खांबावर ठिणग्या उडू लागल्या की शेतकऱ्याच्या घरातला दिवा लुकलुकतो आणि त्याच ठिणग्यांतून निघणाऱ्या रेडिओलहरी दुर्बिणीच्या कमी वारंवारितेच्या निरीक्षणांत खरखर होऊन शिरतात. दोष एकच असला तरी खबर देणारे दोघे असतात, आणि त्या दोन खबरी एकत्र आल्या तरच दोषाचा ठिकाणा लवकर लागतो.

चॅट अॅपचे एक्स्टेन्शन, म्हणजे लोकांच्या हाताशी असलेल्या अॅपलाच जोडलेला छोटा प्रोग्राम, नेमके हेच काम करू शकते. गावच्या ग्रुपवर कोणी ‘डीपी जळाली’, म्हणजे विजेचे रोहित्र जळाले, असे लिहिले, तर तो मजकूर तासाभरात वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली दडपला जातो आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणी घेतली हे कोणालाच सांगता येत नाही; एक्स्टेन्शन मात्र त्याच ओळीला वेळ, ठिकाण, क्रमांक आणि जबाबदार माणूस जोडून तिची नोंद करते. हा संदेश वेबहुकने, म्हणजे अॅपने सर्व्हरला आपणहून दिलेल्या हाकेने, पोहोचतो. स्लॅकसारख्या अॅपमध्ये सर्व्हरने 3 सेकंदांत पोच द्यावी लागते, म्हणून आधी पोच आणि मग नोंदीचे काम हा क्रम पाळणे भाग आहे. पोच वेळेत गेली नाही तर तोच संदेश पुन्हा येऊ शकतो, आणि संदेशाची ओळखखूण तपासली नाही तर एका जळालेल्या डीपीच्या तीन नोंदी होतात. टेलिग्रामवर बॉटच्या आज्ञा केवळ रोमन अक्षरांत देता येतात. तेव्हा आज्ञा टाइप करायला न लावता ‘लाइट गेली’, ‘एक फेज नाही’, ‘तार तुटली’ अशी देवनागरी बटणे पुढे करणे हेच शहाणपणाचे ठरते.

खबर देणाऱ्याला प्रश्न किती विचारावेत, यावर मतभेद आहेत. नोंद परिपूर्ण हवी म्हणून खांबाचा क्रमांक सक्तीने मागणारा फॉर्म कार्यालयात सोयीचा वाटतो. परंतु जुन्नरच्या बिबट्यांच्या टापूत तोच फॉर्म रात्री एखाद्या शेतकऱ्याला उसाच्या कडेने खांबापर्यंत चालायला लावतो, आणि म्हणून ही सक्ती केवळ गैरसोयीची नसून घातक आहे. काय झाले आणि कुठे, एवढे दोनच प्रश्न पुरेत. त्यांतलेही ‘कुठे’ फोनच्या लोकेशनवरून कळू शकते, आणि उरलेली माहिती वायरमनने उजाडल्यावर भरावी.

खबर देण्याचा हक्क यादीतल्या कर्मचाऱ्यांपुरता ठेवणे ही याहून मोठी चूक होय. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि बाहेर पहिली खबर पोहोचली ती त्या रस्त्याने गेलेल्या एसटीच्या चालकाकडून. ती आपत्ती कोणत्याही तांत्रिक बिघाडाहून फार मोठी होती. तरी जो पाहतो तो यंत्रणेच्या यादीत असेलच असे नाही, आणि ज्याच्यावर संकट कोसळले त्याच्याकडून कदाचित एक अक्षरही येणार नाही, या दोन गोष्टी तिने कायमच्या दाखवून दिल्या आहेत. म्हणूनच नेमाने संकेत पाठवणारे उपकरण गप्प झाले, तर त्या गप्प होण्याचीच घटना म्हणून आपोआप नोंद व्हावी, अशी तरतूद एक्स्टेन्शनमध्ये पहिल्या दिवसापासून असली पाहिजे.

शेवटचा मुद्दा नोंद बंद करण्याचा आहे. व्हॉट्सअॅपच्या व्यावसायिक सेवेत ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर 24 तास मोकळेपणी उत्तर देता येते, त्यानंतर केवळ आधी मंजूर करून घेतलेला साचेबंद मजकूर पाठवता येतो. डीपी बदलायला अनेकदा त्याहून अधिक काळ लागत असल्याने ‘दुरुस्ती झाली, वीज आली का?’ हा मराठी मजकूर सुरुवातीलाच मंजूर करून घ्यावा, आणि खबर देणाऱ्याने ‘आली’ हे बटण दाबेपर्यंत ती नोंद उघडीच ठेवावी.