यादीतलं पहिलं काम



स्वागत समितीच्या वतीनं मी आपणा सर्वांचं डोंबिवलीत मनापासून स्वागत करतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये याच गावात नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. पाहुण्यांची सरबराई करण्याची या गावाला सवय आहे आणि हौसही आहे. तरीही व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर आमच्या तरुण कार्यकर्त्यांना हक्कानं सांगा.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा हा पट्टा मुळातच वाटांवर वसलेला आहे. सातवाहनांच्या काळी देशावरचा माल नाणेघाट उतरून कल्याणच्या बंदराकडे यायचा. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आजही वाचता येते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथल्या खाडीशी मराठ्यांच्या आरमाराचं नातं जुळलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला येऊन थांबली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले. तिथून पुढे त्यांना दोन फाटे फुटले, एक कसाऱ्याच्या घाटाकडे आणि एक कर्जतकडे. त्या रुळांच्या दोन्ही अंगांनी आमची शहरं वाढली. घर कुठे घ्यायचं हे इथे स्टेशनच्या अंतरावरून ठरतं. मी सारी हयात शाळेत शिकवण्यात घालवली. स्टेशनकडे जाणारी बस आली नाही तर त्याचे परिणाम कुठवर पोचतात, हे मी पालकांच्या आणि मुलांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलो. बस चुकते म्हणून लोकल चुकते, लोकल चुकते म्हणून लेट मार्क लागतो, आणि संध्याकाळी पाळणाघरातलं मूल सगळ्यांत शेवटी घरी जातं.

आजच्या परिषदेचा विषय म्हणूनच आम्ही फार विचार करून ठरवला. स्थानिक परिवहन सेवेनं वर्षाच्या सुरुवातीला आपली अग्रक्रमाची कामं कशी ठरवावीत, एवढाच हा विषय आहे. ऐकायला तो कचेरीतला वाटतो, पण तो थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचा आहे.

ठाणे महापालिकेची परिवहन सेवा १९८९ साली सुरू झाली, नवी मुंबईची १९९६ साली, कल्याण-डोंबिवलीची १९९९ साली. या तिन्ही सेवांच्या कारभारात एक ठरलेला क्रम असतो. परिवहन व्यवस्थापक अंदाजपत्रक तयार करतात, ते परिवहन समितीपुढे मांडलं जातं आणि तिथून महापालिकेकडे जातं. त्याच अंदाजपत्रकात पुढच्या वर्षीच्या कामांची यादी असते. नव्या बस, नवे मार्ग, नवे आगार, तिकिटांची नवी यंत्रणा, थांब्यांवरचे फलक. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ‘भाडेवाढ नाही’ हा मथळा येतो, आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि ती यादी तिथेच मिटते.

माझं पहिलं म्हणणं याच ठिकाणी आहे. नवी यादी वाचण्याआधी गेल्या वर्षीची यादी मोठ्यानं वाचली गेली पाहिजे. कोणतं काम पुरं झालं, कोणतं अर्धं राहिलं, कोणतं सुरूच झालं नाही आणि का, हे तिथल्या तिथे सांगितलं पाहिजे. एखादं काम सलग तीन वर्षं यादीत येत असेल तर दोनच मार्ग उरतात. ते या वर्षी संपवायचं, किंवा ‘हे आम्हाला झेपत नाही’ असं लोकांना सांगून यादीतून काढायचं. काम काढून टाकण्यात कमीपणा मानू नये. ज्या यादीतून काहीच गळत नाही, तिच्यात अग्रक्रम असा राहतच नाही.

रेल्वे हा आपल्या अखत्यारीतला विषय नाही, हे मी जाणतो. पण आपल्या डोळ्यांसमोर घडलेली रेल्वेची दोन कामं इथे सांगावीशी वाटतात. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातली. २००८ साली तिला मंजुरी मिळाली आणि ती फेब्रुवारी २०२२ मध्ये खुली झाली. मधल्या काळात झोपड्यांचं पुनर्वसन, मुंब्र्याची डोंगरकडा आणि चालू वाहतूक सांभाळून करायचं बांधकाम, अशा अडचणी एकामागून एक आल्या. इतक्या मोठ्या कामाला वेळ लागणारच. पण दर वर्षी ‘यंदा होणार’ असं ऐकत एक अख्खी पिढी दारात लोंबकळून नोकरी करून निवृत्त झाली.

दुसरं काम ठाणे स्थानकाच्या पाच आणि सहा क्रमांकाच्या फलाटाचं. तो फलाट अरुंद होता. जलद गाडी आली की उतरणारे आणि चढणारे एकमेकांत अडकायचे आणि पिवळ्या पट्टीच्या आत उभं राहायला जागाच उरायची नाही. मे २०२४ च्या अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेतला गेला. रूळ सरकवले, तयार काँक्रीटचे पोकळ ठोकळे आणून बसवले आणि फलाट दोन-तीन मीटरनं रुंद केला. ते तीन दिवस प्रवाशांचे हाल झाले, हे खरं. पण त्या ६३ तासांच्या मागे किती तयारी असेल याचा आपण विचार करावा. ठोकळे आधी तयार होते, माणसं नेमलेली होती, कोणत्या तासाला काय करायचं हे ठरलेलं होतं, आणि काम कधी संपणार हे आधी जाहीर केलं होतं. मला या दोन-तीन मीटरचं मोल फार वाटतं. परिवहन सेवेच्या यादीत अशा कामांना वरची जागा मिळावी. आकारानं लहान, शेवट ठरलेला, आणि दुसऱ्याच दिवशी गर्दीतल्या बाईला फरक कळेल असं काम.

मग आपल्याकडे असं काम कोणतं? माझं उत्तर साधं आहे. जी बस आपल्याकडे आहे, ती रोज बाहेर पडली पाहिजे. दप्तरी असलेल्या बस आणि सकाळी आगारातून प्रत्यक्ष निघालेल्या बस, यांत फरक पडतो, हे इथे बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक आहे. बस का उभी असते? टायर आलेले नाहीत, सुट्या भागांच्या खरेदीची फाईल फिरते आहे, मेकॅनिकची जागा रिक्त आहे, कधी चालक आहे तर वाहक नाही. यांतल्या एकाही कारणासाठी नारळ फुटत नाही, कोनशिला बसत नाही, म्हणून ती यादीत खाली जातात. नव्या शंभर बसचं स्वागत आम्ही जरूर करू. पण घराचं छप्पर गळत असताना नवा मजला चढवू नये. कार्यशाळेसाठी पुरेसा पैसा आणि पुरेशी माणसं, हा यादीतला पहिला आकडा असावा.

आता बहुतेक ठिकाणी बस ठेकेदाराच्या आणि पैसे किलोमीटरप्रमाणे, अशी पद्धत आली आहे. त्यामुळे परिवहन सेवेचं काम कमी झालेलं नाही, बदललं आहे. गाडी वेळेवर सुटली का, फेरी मधूनच तोडली का, थांब्यावर थांबली का, हे पाहणारी माणसं आता जास्त लागतात. विजेवरच्या बसची गोष्टही तशीच आहे. बस येण्याआधी आगारात पुरेशा दाबाची वीज आली पाहिजे, चार्जिंगची जागा झाली पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं पीएम ई-बस सेवा योजनेत देशभरासाठी १०,००० बसना मंजुरी दिली. या बसमधून आपल्या शहरांना वाटा मिळेल तेव्हा आगार तयार असणं, ही जबाबदारी आपली आहे. नुसतं ‘ई-बस’ असं यादीत लिहून भागणार नाही. त्याच्या आधीच्या ओळीत ‘आगाराची वीज’ लिहिलेली असली पाहिजे.

मेट्रोबद्दल मी थोडकंच बोलतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ ला कल्याणला झालं. ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. ती कामं व्हावीत, लवकर व्हावीत. पण मेट्रो येईपर्यंत आणि आल्यावरसुद्धा, स्टेशनपासून घरापर्यंत माणसाला नेणार ती बसच.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहराची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९७३ मध्ये तिथल्या मतदारांनी भुयारी रेल्वेचा प्रस्ताव नाकारला. पुढे १९७७ मध्ये त्याच मतदारांनी ट्राम आणि बस न अडखळता धावाव्यात म्हणून २० कोटी फ्रँक मंजूर केले. सिग्नलवर ट्रामला आधी वाट आणि रस्त्यावर वेगळी मार्गिका, अशी ती कामं होती. झुरिक श्रीमंत आहे, आपल्याहून लहानही आहे. तरी रस्त्यावरची जागा आधी कुणाला द्यायची, हा प्रश्न इंदिरा चौकात आणि घोडबंदर रस्त्यावर तोच आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानंही वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्यावर भर दिला होता.

आणखी एक गोष्ट मनाला फार लागलेली आहे. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीच्या वेळी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. स्वागत समितीच्या वतीनं मी त्या सर्वांना आदरांजली वाहतो. लोकलची दारं आपल्या हातात नाहीत. पण डोंबिवलीहून ठाण्याला कामाला जाणाऱ्या प्रत्येकानं लोकलमध्येच चढलं पाहिजे, असंही नाही. मोठागाव-माणकोली पूल २०२४ मध्ये सुरू झाला आणि रस्त्यानं ठाणं जवळ आलं. त्या पुलावरून मोटारी धावू लागल्या. गर्दीच्या वेळी दर काही मिनिटांनी सुटणारी डोंबिवली-ठाणे बस तिथून कधी धावेल, हा प्रश्न या वर्षीच्या यादीत वर यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अशा मार्गांची आखणी एकट्या परिवहन सेवेला जमणारी नाही. आमच्या पट्ट्यात ठाण्याची बस, कल्याण-डोंबिवलीची बस, नवी मुंबईची बस, बेस्ट आणि एसटी अशा सगळ्या धावतात. शिळफाट्यावर एकामागोमाग तीन सेवांच्या बस येतात आणि मग बराच वेळ एकही येत नाही. पुण्यात २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या सेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली. एकत्र येऊन सगळे प्रश्न सुटले असं तिथले मित्रही म्हणणार नाहीत. पण प्रवाशाला हद्द ओलांडताना बस बदलावी लागू नये, हा विचार योग्य होता. विलीनीकरण होईल तेव्हा होवो. तोवर निदान आपापल्या याद्या पक्क्या करण्याआधी या सगळ्या सेवांचे व्यवस्थापक वर्षातून एकदा एका टेबलाभोवती बसावेत.

आणि ही बैठक दिवाळीच्या आधी व्हावी. फेब्रुवारीत प्रवाशांच्या सूचना मागवल्या जातात तेव्हा आकडे ठरून गेलेले असतात. पावसाळा संपत आला की लोकांच्या आठवणी ताज्या असतात. पाणी कुठे तुंबलं, लोकल बंद पडल्यावर स्टेशनबाहेर किती बस उभ्या राहिल्या, कोणत्या थांब्यावर छप्पर नाही, हे त्या वेळी नेमकं कळतं. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० नंतर आणि ठाण्यात मार्च २०२२ नंतर काही वर्षं लोकनियुक्त सभागृह नव्हतं. त्या काळात प्रवाशानं आपलं म्हणणं मांडायचं कुठे, हा प्रश्न आम्हा सर्वांना जाणवला. अशी सुनावणी दर वर्षी ठरलेल्या महिन्यात, वॉर्डावॉर्डांत आणि मराठीतून व्हावी.

आजच्या कार्यक्रमात आम्ही एक बदल केला आहे, तो सांगून थांबतो. उद्घाटनानंतरचं पहिलं सत्र चालक, वाहक आणि कार्यशाळेतल्या कारागिरांचं आहे. अधिकाऱ्यांची आणि तज्ज्ञांची सत्रं त्यानंतर होतील. जेवणानंतर प्रत्येक परिवहन सेवेनं आपली गेल्या वर्षीची यादी आणावी आणि झालेल्या, राहिलेल्या कामांचा हिशेब इथे वाचावा, असं निमंत्रणातच कळवलं होतं. ज्यांनी त्या आणल्या आहेत, त्यांचे मी आधीच आभार मानतो. या सत्राला कृपया कुणी उठून जाऊ नये.

अध्यक्ष महोदया, आता परिषदेची सूत्रं आपल्या हाती देतो.