कर्जाचा अर्ज आणि कर्जदाराची पारख

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



'बँक कर्ज देताना काय पाहते?' हा विषय मला देण्यात आला आहे. पेढी, हुंडी, रोकड, खतावणी हे शब्द आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदले. अशा समाजापुढे कर्जावर बोलण्याचा मला खरे तर संकोच वाटतो. परंतु बँकेच्या कर्ज विभागात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविल्यावर एक गोष्ट ध्यानी आली. आपल्यातील कितीतरी कर्तबगार व्यापाऱ्यांना स्वतःचा ताळेबंद वाचता येत नाही. करसल्लागाराकडून आलेला लिफाफा न उघडताच ते बँकेत देतात.

जुना मुनीम समोरच्या माणसाची जी पारख करीत असे, तीच बँक कागदावर करते. चारित्र्य, परतफेडीची क्षमता, स्वतःचे भांडवल, तारण आणि धंद्याची परिस्थिती अशा पाच अंगांनी ती होते. अर्जदाराला वाटते, तारण भक्कम असले की काम झाले. "साहेब, एक कोटीची जागा देतो, वीस लाख द्यायला काय हरकत आहे?" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले. पण बँकेला जागा नको असते, हप्ता हवा असतो. जागा विकून वसुली करणे हे कर्ज फसल्याचे लक्षण आहे.

क्षमता कशी मोजतात? समजा, एका कारखानदाराचा करोत्तर नफा ६ लाख, घसारा ३ लाख आणि मुदत कर्जावरील व्याज ३ लाख. घसारा खर्चात दिसतो, पण पैसा तिजोरीतून जात नाही. म्हणून तो मिळवायचा. एकूण झाले १२ लाख. वर्षभरात मुद्दलाचे हप्ते ५ लाख आणि व्याज ३ लाख, म्हणजे ८ लाख द्यायचे आहेत. १२ भागिले ८, म्हणजे दीड. एवढे गुणोत्तर असले की अधिकारी निश्चिंत असतो. ते एकच्या जवळ आले, तर एखादी मोठी उधारी अडकताच हप्ता चुकणार हे उघड आहे.

खेळत्या भांडवलाचे गणित वेगळे. १९७४ साली नेमलेल्या टंडन समितीने बँकांना शिस्त घालून दिली. तिच्या दुसऱ्या पद्धतीनुसार चालू मालमत्तेचा चौथा हिस्सा धंदेवाईकाने दीर्घ मुदतीच्या पैशांतून उभा करायचा. त्यातूनच चालू गुणोत्तर १.३३ असावे हा दंडक आला. लहान उद्योगांसाठी पुढे नायक समितीने १९९२ साली सोपी रीत सुचविली. अपेक्षित वार्षिक उलाढाल १ कोटी असेल तर २५ लाखांचे खेळते भांडवल लागेल असे धरायचे. त्यातील २० लाख बँकेने द्यायचे, ५ लाख मालकाने घालायचे. आपली गरज या रीतीने घरी बसूनही काढता येते. मग अर्जात वाटेल तो आकडा लिहावा लागत नाही.

आता एक अनुभव सांगतो; त्यात चूक माझीही आहे. एका कापड व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते माझ्याकडे होते. कुटुंब आपल्यातलेच, नित्य देवदर्शनाला येणारे. मी माल तपासायला गेलो, छतापर्यंत रचलेले तागे पाहिले आणि अहवालावर सही केली. ताग्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या असत्या, तर अर्धा माल तीन दिवाळ्यांपूर्वीचा आहे हे कळले असते. स्टॉक स्टेटमेंटमध्ये तो ताज्या भावाने लिहिला जात होता आणि खात्यातून उचललेली रक्कम बंगल्याच्या बांधकामात गेली होती. माल विकून फिरायचा पैसा विटांत अडकला. खाते थकले.

जामीनदार होते त्यांचे मामा, निवृत्त शिक्षक. नोटीस हाती घेऊन ते शाखेत आले आणि म्हणाले, "साहेब, मी तर साक्षीदार म्हणून सही केली होती ना?" १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हे त्यांना सही घेताना कोणी सांगितले नव्हते. मीही नाही. त्यांनी आपली मुदत ठेव मोडली. तो प्रसंग आजही मला अस्वस्थ करतो.

तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत, त्यात कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, आणि न्यासापहार, म्हणजे दुसऱ्याची ठेव बुडविणे, हे दोन्ही येतात. फुगविलेले स्टॉक स्टेटमेंट याहून निराळे काय आहे? बँक जो पैसा देते तो कोणा ठेवीदाराचा असतो. बऱ्याचदा त्या मामांसारख्याच एखाद्याचा.

व्यवहारातील दोन-तीन गोष्टी थोडक्यात. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. हा नियम २००४ च्या मार्चअखेरीपासून लागू आहे. आपला पतअहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो, तो मागवून वाचावा. जामीन राहिलेले कर्जही त्यात दिसते. आणि घरातील स्त्रियांच्या सह्या घेताना कागद त्यांना वाचून दाखवावा. केवळ बोट ठेवून 'इथे सही कर' म्हणू नये.

अध्यक्षांनी न्यासाचे वाचनालय रविवारी सकाळी पूजेनंतर वापरण्याची अनुमती दिली आहे. ज्यांना कर्ज घ्यायचे आहे, त्यांनी मागील तीन वर्षांचे ताळेबंद घेऊन यावे. आपण ते एकत्र बसून वाचू. जामीन राहण्यासाठी ज्यांना विचारले आहे, त्यांनाही कृपया सोबत आणावे.

जय जिनेंद्र.