आधी ओळंबा, मग प्रोजेक्टर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचे मुदखेड जंक्शनचे गाव. एक मार्ग निजामाबादकडे जातो, दुसरा आदिलाबादकडे फुटतो. सिनेमाच्या धंद्यातही मराठवाडा निजाम सर्किटमध्येच मोजतात. पूर्वी रिळांची पेटी चुकली की शो चुकायचा. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमा यायला लागला आणि पेटीची वाट पाहणे संपत गेले. आम्हा ऑपरेटरांना मात्र वाटले, आता आपले काम काय उरले? काम उरले होते. ते मला पहिल्याच दिवशी कळले.

मी तेव्हा एका टॉकीजमध्ये होतो. मशीन बसवायला माणसे आली आणि एका दुपारीच मोकळी झाली. डाव्या जुन्या यंत्राच्या झरोक्यासमोर टेबल, त्यावर मशीन, तोंड पडद्याच्या मध्याकडे वळवलेले. संध्याकाळी पाहतो तर चित्र सुपासारखे, वर निमुळते, खाली पसरट. उजवीकडचा नट उंच, डावीकडचा बुटका. थर्ड क्लासमधून शिट्ट्या सुरू झाल्या. मग त्यांनी कीस्टोनचे बटण दाबून चौकट सरळ केली आणि ते रात्रीच्या गाडीने गेले.

हिशेब साधा आहे. पडदा ४० फूट रुंद, १७ फूट उंच; मशीन ८० फुटांवर आणि पडद्याच्या मध्यापासून १६ फूट उंच. प्रकाशाला पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत जास्त अंतर जावे लागते, म्हणून ती कड वरच्यापेक्षा दीड फुटाहून जास्त रुंद होते. त्यात मशीन मध्यरेषेपासून ५ फूट डावीकडे असेल, तर उजवी बाजू डावीपेक्षा सुमारे सहा इंच उंच दिसते. रिळाच्या काळात आम्ही गेटमधली पत्र्याची चौकट कानसीने घासून हे झाकत होतो. चेहरा थोडा ताणलेलाच राहायचा, पण कडा सरळ दिसायच्या.

डिजिटलमध्ये घासायला पत्रा नाही. टूके यंत्राच्या एकेका चिपवर २०४८ गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २२ लाख इवलेसे आरसे असतात. कीस्टोन दाबले की त्यातले कडेचे आरसे काळे पडतात आणि उरलेल्यांत चित्र कोंबले जाते. मग बारीक अक्षरे दातेरी होतात, उजेडही कमी होतो. आमचे मशीन टूकेपेक्षाही लहान होते, म्हणजे मुळातच आरसे कमी. तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण.

मालकांना वाटले, भिंत फोडून मधोमध नवा झरोका पाडावा लागेल. खर्चाच्या नावाने ते गप्प झाले. मी मुदखेडचा ओळखीचा गवंडी बोलावला. त्याने आधी पडद्यालाच ओळंबा लावला. चौकट वरून दोन इंच पुढे झुकलेली! ती सरळ केली. मग पडद्याच्या दोन्ही टोकांपासून सारख्या मापाच्या दोऱ्या मागे आणून मध्यरेषा काढली आणि केबिनमध्ये तिला समांतर खडूची रेघ मारली.

नवख्या माणसाला न पटणारी गोष्ट पुढेच आहे. मशीनचे तोंड पडद्याच्या मध्याकडे वळवायचे नाही. ते पडद्याच्या भिंतीकडे काटकोनात ठेवायचे, पाणसळीने समतल करायचे आणि मग लेन्स शिफ्टने, म्हणजे नुसते भिंग सरकवून, चित्र पडद्यावर न्यायचे. आडवे ५ फूट असे सहज निघाले. भिंत वाचली, प्रकाश झरोक्याच्या कडेला घासत होता म्हणून चार इंच तेवढी टाकी मारली.

उभ्या अंतराने मात्र दमवले. १६ फूट भिंग सरकवून भागणारे नव्हते. टेबल काढून मशीन ठेंगण्या ओट्यावर घेतले, तर बाल्कनीतला शेवटच्या रांगेतला माणूस उठला की त्याचे डोके पडद्यावर! शेवटी दीड फूटच खाली आणता आले. उरलेले थोडे शिफ्टने, थोडे मशीन झुकवून. म्हणजे थोडा दोष राहिलाच. तो पडद्याच्या काळ्या कापडी पट्ट्यांत झाकला, बटण शून्यावर ठेवले.

झरोक्याची काचही जराशी तिरपी बसवली, नाहीतर तिच्यावरून परतलेला उजेड भिंगात शिरतो. मशीनच्या गरम हवेला वेगळा पाइप काढला.

रात्री शो सुटल्यावर चाचणीचे वर्तुळ पडद्यावर टाकले. मालक स्वतः शिडीवर चढले, टेपने आडवे मोजले, उभे मोजले. दोन बोटांचा फरक निघाला. खाली उतरून म्हणाले, "उद्या गवंड्याचे पैसे घेऊन जा म्हणावं."